वाईट स्वप्नांचा प्रबंध

आमच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे प्रोफेसर स्कॉटलंडकडचे होते. उंच, तांबडेलाल आणि बारा महिने घामेजलेले. हिंदुस्थानात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण इथल्या हवेशी त्यांनी एकदाही समेट केला नव्हता. बी. ए. ला ऑनर्स हवा असेल त्याने नुसती पुस्तकं घोकून चालणार नाही, स्वतः हिंडून, माणसांना विचारून एक प्रबंध लिहिला पाहिजे, अशी जादा अट त्यांनी आपल्या अखत्यारीत घातली होती. त्या साली मानसशास्त्रात ऑनर्स घेऊ इच्छिणारा मी एकटाच होतो. त्यामुळे ती अट माझ्यासाठीच घातली होती असं म्हटलं तरी चालेल.

विषय त्यांनीच दिला : स्वप्नं. "तुम्हा लोकांची मनं आम्हाला कळत नाहीत," ते म्हणाले, "कारण जागेपणी तुम्ही आम्हाला बरं वाटेल तेवढंच बोलता. झोपेत तरी खरं बोलत असाल. तेव्हा तुमच्या गावच्या लोकांची स्वप्नं गोळा करून आणा, म्हणजे आपण त्यांची वर्गवारी करू." मला हे फार पटलं. त्या वयात इंग्रजीतून सांगितलेलं मला सगळंच पटत असे.

गाव म्हणजे ठाणं. माझे वडील तिथल्या कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते. शिरस्तेदार हा शब्द बाहेरच्यांना भारदस्त वाटतो. आम्ही घरातले लोक मात्र संध्याकाळी पागोटं खुंटीला अडकवून भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस पाहत असू. साहेबाने दिवसभरात काय काय ऐकवलं हे ते कधी सांगत नसत, आणि न सांगितल्यामुळे आम्हाला ते बरोबर कळत असे. असं असूनही त्यांचा निश्चय एकच होता, की मलाही त्याच कचेरीत चिकटवायचं. एक उमेदवाराची जागा त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. साहेबाची नजर आपल्यावर पडून पगार सुरू होईपर्यंत त्याने इतरांची कामं करायची आणि इतरांनी त्याला कामाला लावल्याबद्दल त्यांचे आभार मानायचे.

वडिलांशी माझा करार असा झाला होता : ऑनर्स मिळाला तर प्रोफेसर मला कॉलेजात असिस्टंट म्हणून ठेवून घेणार होते, मग कचेरी टळली. नाही मिळाला तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून वडिलांच्या मागोमाग चालू लागायचं. या करारात आईला कोणी काही विचारलं नव्हतं. पण तिचं मत मला ठाऊक होतं. ती कचेरीचं नाव घेत नसे, नुसतं 'तिकडे' म्हणत असे, रात्री सापाला जनावर म्हणतात तसं. या घरातला एक तरी पुरुष संध्याकाळी हसत घरी यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणंही ती माझ्यापाशीच बोले.

तर मी कागदांची चळत काखोटीला मारून स्वप्नं गोळा करायला निघालो. पहिले काही दिवस नन्नाचा पाढा. शेजारच्या वकिलांनी "स्वप्न? मला कशाला पडेल?" असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी त्यांच्यावर फिर्यादच लावली आहे. देवळातले पुजारी म्हणाले, देवाची सेवा करणाऱ्याला स्वप्नं पडत नसतात. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांपाशी मी नुसता उभा राहिलो तरी त्या पदर सावरून गप्प होत. संबंध ठाणं शहर पाठ टेकल्याबरोबर ओंडक्यासारखं पडून राहतं, असा निष्कर्ष लिहून मोकळं व्हावं की काय, या विचारापर्यंत मी आलो होतो.

मग एके दिवशी कळव्याचा मिठागरवाला आमच्या अंगणात आला. घरचं वर्षाचं मीठ तोच आणून घालत असे. गोणी उतरवून तो पडवीच्या कडेला टेकला. मी विचारलं, अर्थात कसलीही आशा न ठेवता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज उतरवला.

"दादा, मना काल वंगाल सपान परलं. खारीचा पानी आगरान शिरला न् मीठ सगला इरघलून गेला."

मी झरझर लिहून घेतलं. माझ्या हातून पहिलं निरीक्षण नोंदलं जात होतं. तो माझ्या बोरूकडे टक लावून पाहत राहिला. शेवटचा शब्द झाल्यावर विचारलं, "यो कागद जाल कुठं?"

"मुंबईला," मी म्हणालो. "आणि साहेबाला आवडलं तर तिथून विलायतेलाही जाईल."

"दर्यापलीकडं?"

"दर्यापलीकडे."

त्याने बराच वेळ विचार केला. मग उठून मला वाकून नमस्कार केला, आजवर कधी केला नव्हता तसा, आणि गाणं गुणगुणत चालता झाला. ज्ञानाविषयीचा हा आदर पाहून मला भरून आलं. इंग्रजी न शिकलेल्या समाजातही शास्त्राची कदर आहे, असं एक वाक्य मी प्रस्तावनेसाठी तिथल्या तिथे राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली, भाऊ आला, भावाचा सासरा आला. मग खाडीपलीकडची सगळी आळी होड्या करून येऊ लागली. एकाची भिंत पडली होती, एकीचे दात पडले होते, एकाला काळा रेडा पाठीला लागला होता. मी लिहीत होतो, ते नमस्कार करून जात होते. कोळणींनी सुकटीचे वाटे आणून आईपुढे ठेवले, आणि आमच्या ब्राह्मणाच्या घरात सुकट कुणी उचलून बाहेर टाकायची यावरून मोठा पेच पडला.

कल्याणला माझी आत्या होती. तिच्याकडे गेलो तर माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. तिच्या ओटीवर पहाटेपासून माणसं बसलेली असत. विठ्ठलवाडीहून भाजीवाले येत, डोंबिवली तेव्हा भातखाचरांतलं लहानसं गाव होतं, तिथून शेतकरी बैलगाडी जुंपून बायकामुलांसकट येत. सर्वांना घाई असे. स्वप्न पडल्यावर कोणाशीही न बोलता थेट माझ्याकडे येण्याची एक रीतच पडून गेली. तोंड घट्ट मिटून आलेली माणसं माझ्यापुढे बसली की धडाधड बोलत आणि बोलून झालं की त्यांचे चेहरे धुतल्यासारखे स्वच्छ होत. साक्षीदाराच्या मनावरचं दडपण काढल्याशिवाय निरीक्षण शुद्ध होत नाही, असं आमच्या पुस्तकात होतं. ही हातोटी मला उपजतच आहे, अशी माझी खात्री पटत चालली.

ही खात्री एका म्हातारीने घालवली. शहाडकडच्या कुठल्याशा वाडीवरून ती चालत आली होती. तिने आपलं स्वप्न सांगितलं, मुलगा विहिरीत उतरतो आणि वर येत नाही असं काहीतरी. मी लिहिलं. मग तिने कनवटीला हात घालावा तसा पदराखाली हात घातला, हिरव्या गवताची एक पेंढी काढली, माझ्या मांडीपुढे ठेवली, माझ्या कपाळाला हात लावून तोच आपल्या कपाळाला लावला, आणि निघून गेली.

मी गवताकडे पाहत राहिलो. आत्या दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते.

तुम्हाला सांगायला नको, पण साहेबाच्या वाचकांसाठी मला पुढे प्रबंधात लिहावं लागलं, म्हणून इथेही लिहितो. आमच्याकडे वाईट स्वप्न पडलं तर सकाळी उठून कोणाशी अवाक्षर न बोलता ते गाईच्या कानात सांगायचं. ते तिच्या पोटात जिरतं, माणसाला बाधत नाही. मग तिला दोन काड्या चारा घालायचा आणि पाया पडायचं. चांगलं स्वप्न पडलं तर मात्र गाईलासुद्धा सांगायचं नाही. सांगितलं की त्याचं फळ गेलं. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. लहानपणी मी स्वतः आमच्या गाईच्या कानात गणिताच्या परीक्षेची स्वप्नं सांगितली होती. पण प्रोफेसरांनी 'निरीक्षण' हा शब्द उच्चारल्यापासून आपण कुठल्या गावचे हे मी साफ विसरलो होतो.

"अगं, पण घरोघरी गाई आहेत ना?" मी आत्याला म्हणालो. "माझ्याकडे कशाला?"

"अरे, गाय ऐकते आणि गोठ्यातच उभी राहते," आत्या म्हणाली. "तू लिहून घेतोस आणि घेऊन जातोस. तेही पार समुद्रापलीकडे. आणखी काय हवं रे लोकांना? त्या विहिरीवाल्या म्हातारीच्या वाडीत तर गाईकडे आता कोणी बघतही नाही म्हणतात."

ही बातमी ठाण्याला पोचली तेव्हा घरी निरनिराळे परिणाम झाले. वडील म्हणाले, "कचेरीत लोक निदान अर्ज लिहून आणतात." एवढं बोलून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. शहाडला माझी सासुरवाडी होती, बायको लहान होती आणि अजून माहेरीच होती. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, की जावईबापूंचं स्वप्नांचं काम आटोपेपर्यंत मुलीला पाठवण्याची घाई नाही. हे ऐकून मी जावयाला शोभेल असा राग आणला. मनातून मला त्यांचंही चुकलं असं वाटेना.

आईने मात्र याची धास्तीच घेतली. माझ्याआधीची तिची दोन मुलं गेली होती. मी तिसरा, राहिलेला. आणि तो राहिलेला मुलगा सबंध तालुक्याचे पडलेले दात, पडलेल्या भिंती आणि काळे रेडे आपल्या अंगावर ओढून घेत होता. मी कल्याणहून आलो की ती मला अंगणातच उभं करी, पायांवर पाणी घाली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढी, मगच उंबरा ओलांडू देई. "आई, मी लिहून घेतो फक्त," मी सांगे. "गाय तरी काय करते दुसरं?" ती म्हणे.

इकडे प्रोफेसर हरखून गेले. मी नेलेले कागद त्यांनी मोठ्याने वाचले, टेबलावर बोटांनी ताल धरला आणि मला खुर्ची दिली. विद्यार्थ्याला खुर्ची देणं हा त्या काळी बक्षिसाचाच प्रकार होता. "एकही आनंदाचं स्वप्न नाही," ते म्हणाले. "एकही नाही! हे फार मोठं आहे. दमट हवा, भाताचं जेवण आणि शतकानुशतकांचं दास्य. या मनाला झोपेतही हसू येत नाही." मी त्यांना गाईची गोष्ट सांगितली. चांगली स्वप्नं पडत नाहीत असं नाही, सांगत नाहीत, एवढंच, असं समजावलं. त्यांनी ते कौतुकाने ऐकलं आणि 'स्थानिक समजुती' या सदराखाली टिपून घेतलं. त्यांच्या सिद्धांताला त्याने धक्का लागला नाही. उलट चांगली गोष्ट लपवून ठेवण्याची वृत्ती हेही औदासीन्याचंच लक्षण ठरलं.

निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं. प्रबंध दुसरे एक परीक्षक तपासणार होते आणि ते फार शंकेखोर होते. सगळी स्वप्नं एकाच रंगाची दिसली तर ते म्हणतील, मुलाने निवडून आणली. तेव्हा तुलनेसाठी एक तरी सुखाचं स्वप्न हवंच. ते माझं स्वतःचं असून चालणार नाही. नसेल तर प्रबंध अपुरा, आणि अपुऱ्या प्रबंधाला ऑनर्स नाही.

म्हणजे एका सुखाच्या स्वप्नावर माझी सगळी उमर येऊन ठेपली. वाईट स्वप्नांची गाडाभर आवक असलेला मी, चांगल्या एका स्वप्नासाठी दारोदार फिरू लागलो. मिठागरवाला हसला आणि म्हणाला, "परतं ना दादा, पन ता कसा सांगू?" आळीतल्या बायका एकमेकींना कोपरं मारत. वडिलांना विचारलं, ते म्हणाले, "मला झोप लागते हेच पुष्कळ आहे." आत्याला माझी कीव आली. तिने एक स्वप्न सांगितलं : समुद्रातून सोन्याची द्वारका वर येते, महाद्वाराशी देव स्वतः उभे राहून तिला हात धरून आत नेतात, रस्त्यांवर मोत्यांचा सडा. मी आनंदाने अर्धं लिहून काढलं, आणि मग आठवलं, की एकादशीला तिच्याच शेजारच्या देवळात कीर्तनकारबुवांनी हे सगळं, मोत्यांच्या सड्यासकट, रंगवून सांगितलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं तशी ती म्हणाली, "अरे, खरं कसं देऊ? ते माझ्या नातवाच्या भल्याचं आहे." तो कागद मी फाडला.

प्रबंध देण्याची मुदत जवळ आली. वडिलांनी एक नवं पागोटं आणून फळीवर ठेवलं. जाता-येता ते दिसत असे.

एके दुपारी वडील कचेरीत होते. आई माजघरात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी दाराला टेकून उगाच उभा होतो. ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या साहेबाला एकच चांगलं स्वप्न पुरेल ना?"

"पुरेल. पण कोणी सांगत नाही."

"खरंखुरं पडलेलं हवं?"

"हो."

"मग लिहायला घे."

मला वाटलं, तीही आत्यासारखी काहीतरी रचेल. मी कागद घेऊन बसलो. ती सुपातले खडे वेचत राहिली आणि अगदी सपाट आवाजात बोलू लागली, कोणाला बाजाराचा निरोप सांगावा तसं.

"तू पोटात होतास तेव्हा पडलेलं आहे. मी गेले आहे. अंगणात मला निजवलेलं आहे. अंगावर हिरवा शालू, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, ओटी भरलेली. तुझे वडील उशाशी उभे आहेत, धडधाकट. मग मला घेऊन निघतात. तळ्याच्या काठाने नेतात. ऊन नाही, पाऊस नाही. दारादारांतून सवाष्णी बाहेर येतात, माझ्या पाया पडतात, माझ्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्याला लावतात. आणि सगळ्यांच्या पुढे तू, मडकं धरून. चांगला उंच झालेला, दाढीमिशा फुटलेला. तुझ्या आधीचे दोघं गेले होते ना. मी स्वप्नातच म्हटलं, हा राहिला. हा मला पोचवायला राहिला." तिने सूप हलवलं. "जागी झाले तेव्हा इतकं छान वाटत होतं. तेव्हापासून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनासुद्धा नाही."

माझा बोरू केव्हाच थांबला होता. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट, मुलाच्या हातून. त्या काळच्या बाईने देवाकडे मागण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या स्वप्नात होतं, आणि ते तिने जपून ठेवलं होतं, मी जन्माला येण्याच्या आधीपासून. सांगितलेलं स्वप्न फळत नाही, या समजुतीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी मी कागद बाजूला सारला.

"आई, नको," मी म्हणालो. "हे मी नाही लिहीत."

"नाही लिहिलंस म्हणून काय न सांगितल्यासारखं होणार आहे?" ती म्हणाली. "सांगून झालं. आता वाया तरी घालवू नकोस. लिही." मग सुपातला एक खडा बाजूला टाकत, "साहेब पास करेल ना याच्यावर? तिकडे नाही ना जावं लागणार तुला?"

मी लिहिलं. शालू, कुंकू, बांगड्या, तळ्याचा काठ, सगळं तिने सांगितलं त्या क्रमाने लिहिलं, आणि इंग्रजीत उतरवताना पहिल्यांदाच मला शब्द सापडेनात. 'सवाष्ण' या शब्दासाठी मी चार ओळींची टीप लिहिली आणि ती वाचून मला स्वतःलाच काही कळलं नाही.

प्रोफेसरांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं, त्यांना उमगलं. "हे तुमच्या संग्रहातलं सर्वांत भयंकर आहे," ते म्हणाले. "ही बिचारी स्त्री गर्भार असताना स्वतःची प्रेतयात्रा पाहते. आणि तीही इतक्या तपशिलाने! याच्यासमोर ते रेडे आणि दात काहीच नाहीत."

"साहेब, हे सुखाचं स्वप्न आहे," मी म्हणालो. "हेच ते तुलनेसाठी आणलं आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही आपल्या विषयाच्या फार जवळ आहात, असं काहीसं ते म्हणाले, अगदी मायेने. मी पुन्हा समजावलं. नवरा जिवंत आहे, हा त्यातला मुद्दा आहे, म्हटलं. त्यावर ते गंभीर झाले आणि म्हणाले, यावरून पुरुषांच्या जुलुमाविषयी एक टीप जोडता येईल. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तो कागद 'मृत्यू' या वर्गात सर्वांत वर लावला. तुलनेच्या स्वप्नाची त्यांना आठवणही राहिली नाही. इतकं जबरदस्त उदाहरण मिळाल्यावर शंकेखोर परीक्षकाची भीती उरली नव्हती, आणि खरंच त्या गृहस्थांनी कसलीही शंका काढली नाही. प्रबंधाच्या शेवटी जो तक्ता होता त्यात 'सुखद' या रकान्यात शून्य पडलं.

मला ऑनर्स मिळाला. कल्याण-ठाण्याकडच्या लोकांच्या उदास मनाविषयीचा अधिकारी म्हणून कॉलेजात माझं नाव झालं, आणि त्याच आधारावर असिस्टंटची जागा मिळाली. फळीवरचं पागोटं वडिलांनी स्वतः वापरायला काढलं. आई पेढे घेऊन गल्लीत घरोघर गेली. "आता संध्याकाळी हसत येईल," असं तिने शेजारी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. म्हणून पुढे बरेच दिवस, प्रोफेसरांनी दिवसभरात काहीही ऐकवलेलं असो, घराच्या कोपऱ्यावर आलो की मी चेहरा ठीकठाक करून मगच आत शिरत असे. स्वप्न कुठल्या वर्गात लागलं हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी मुंबईला प्लेग आला आणि मागोमाग ठाण्या-कल्याणलाही आला. लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहू लागले. आम्हीही गेलो. पण कचेरी चालूच होती आणि वडील जातच होते. एक दिवस ते काखेत गाठ घेऊन परत आले. त्या दिवशीही पागोटं त्यांनी नीट खुंटीला अडकवलं. झोपडीला खुंटी नव्हती, त्यांनी ती स्वतः ठोकून घेतली होती. दोन दिवसांत ते गेले.

मग आमच्या जातीत जे होत असे ते सगळं झालं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दहाव्याला नदीकाठी आईचे केस उतरायला न्हावी आला. मी मानसशास्त्र शिकवत होतो, सुधारणेवर दोन व्याख्यानंही दिली होती. "हे करू नका," असं मी म्हटलं. आईनेच मला बाजूला सारलं. "लोकांत तमाशा नको," म्हणाली. मी नदीच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. मागे वळून पाहायला लागेल म्हणून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

त्यानंतर मला तिच्यासमोर बसवेना. जेवताना मी पानाकडे पाहत असे. माझा विश्वास नव्हता, आजही नाही. स्वप्न सांगितल्यामुळे गाठी येत नाहीत, त्या उंदरांमुळे येतात, हे तेव्हाही बोललं जात होतं. तरी तिच्या अंगावरचं विधवेचं लाल आलवण दिसलं, की मला हिरवा शालू दिसे. तोंडाने इंग्रजीत शिकवत असताना मनात मी त्या दुपारचं तिचं सूप हलताना पाहत असे.

हे तिने ओळखलं. ओळखायला तिला कसल्या प्रबंधाची गरज नव्हती. वडिलांचं मासिक श्राद्ध आटोपून आम्ही परत ठाण्याच्या घरी आलो होतो. दुपारची वेळ, बायको माहेरी गेलेली, घरात दोघंच. ती माझ्यापुढे येऊन बसली, डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलं होतं. ते तुझ्या साहेबासाठीचं स्वप्न मी रचून सांगितलं होतं. मला तसलं काही पडलेलं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. मी ऑनर्सवाला, माणसांच्या मनाचा सरकारमान्य जाणकार. ती खरं बोलते आहे की माझ्यासाठी खोटं बोलते आहे, हे मला काही केल्या ओळखता येईना.

"खरंच रचलं होतंस?"

"मग? खरं कोणी सांगतं का?"

"मग खरं पडलेलं कोणतं?"

"ते नाही हं सांगायची," आई म्हणाली. "ते अजून फळायचं आहे."